आरोग्य-अर्थशास्त्रात पीएच.डी. : नेट, प्रवर्गाचे दाखले आणि संशोधन आराखडा

आरोग्य-अर्थशास्त्रात संशोधन करून पुढे अध्यापनात यायचे असेल, तर भारतात बहुतेकांची वाट अर्थशास्त्र विषयातील यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जाते. पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमिलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ५० टक्के गुणांची अट असते. अंतिम वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात.

जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी वयोमर्यादा ३० वर्षे असून महिलांना आणि राखीव प्रवर्गांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते. पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये अधिछात्रवृत्ती असते. जेआरएफ न मिळालेल्या, पण पीएच.डी.साठी पात्र ठरलेल्या उमेदवारांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात, त्यामुळे निकालाची वाट न पाहता संस्थांच्या जाहिरातींवर आधीपासून लक्ष ठेवावे.

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ प्रवर्गाच्या दाखल्यांचा होतो. नेट ही केंद्रीय परीक्षा असल्याने आपली जात ओबीसींच्या केंद्रीय यादीत आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वीच तपासावे. ती केवळ राज्याच्या यादीत असेल, तर खुल्या प्रवर्गातून अर्ज करावा लागतो. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गही राज्यापुरताच आहे. नॉन-क्रीमिलेअरसाठी अर्ज करताना दाखला केंद्रीय नमुन्यात हवा, असे स्पष्ट सांगावे. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि गुणपत्रिका यांवरील नावात फरक असल्यास तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

मुलाखतीत मात्र खरी कसोटी संशोधन आराखड्याची लागते. ‘आरोग्य विम्यामुळे खिशातून होणारा खर्च घटतो का?’ एवढा प्रश्न मांडून भागत नाही, कारण आजारी माणूसच विम्याकडे अधिक वळतो, आणि मग विमाधारकांचा खर्च जास्त दिसला तरी त्याचा दोष विम्याला देता येत नाही. ही अडचण कशी सोडवणार, ते आराखड्यात लिहावे लागते. राज्याचेच उदाहरण घ्यायचे, तर आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये जीवनदायी या नावाने गडचिरोली, सोलापूर, नांदेड यांसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि उर्वरित राज्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली. काळाच्या या अंतरामुळे जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करण्याची संधी मिळते, आणि उपयोजित सूक्ष्म-अर्थमिती, म्हणजे व्यक्ती-कुटुंबांच्या आकडेवारीवरून कार्यकारणभाव तपासणारी शाखा, अशाच संधी शोधते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७१व्या फेरीने जानेवारी ते जून २०१४ या काळात मागील ३६५ दिवसांतील रुग्णालय-भरतीची माहिती विचारली होती. म्हणजे जानेवारीत भेट दिलेल्या कुटुंबांच्या बाबतीत त्यातले बहुतेक दिवस दुसऱ्या टप्प्याच्या आधीचे ठरतात. अर्थात जिल्हा पातळीवर नमुना लहान पडतो, आणि ही मर्यादा आराखड्यात आपणहून नमूद केलेली मला केव्हाही अधिक प्रामाणिक वाटते. या पाहण्यांची कुटुंबनिहाय आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळते. ती मुलाखतीपूर्वीच उतरवून घ्यावी आणि निदान एक तक्ता स्वतः तयार करून सोबत न्यावा.