डोळ्यांना ठेका कळतो, पण चेंडू उसळला तरच

संगणकाच्या पडद्यावर दोन ठिपके समोरासमोरून येतात, मध्यावर एकमेकांना ओलांडतात आणि सरळ पुढे जातात. आवाज बंद असेल तर बहुतेकांना असंच दिसतं. पण ते एकत्र येतात नेमक्या त्या क्षणी एक ‘टक्’ वाजवला, की तेच ठिपके एकमेकांवर आपटून मागे फिरल्यासारखे वाटू लागतात. चित्र तेच, बदलला फक्त आवाज. हा प्रयोग १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ॲनिमेटेड म्युझिक व्हिडिओ बघताना जी मजा येते, तिचा बराचसा भाग कानाच्या या दादागिरीवर उभा आहे.

वेळ मोजण्यात कान डोळ्यांच्या पुढे असतो. मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर बोट आपटणं सोपं जातं. त्याच वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्यावर आपटायला गेलं की हात चुकतो. बरीच वर्षं शास्त्रज्ञ एवढ्यावरच थांबले होते. मग कुणीतरी दिव्याऐवजी उसळणारा चेंडू दाखवून पाहिला आणि निकाल फिरला. चेंडूच्या ठेक्यावर माणसं जवळपास आवाजाइतक्याच नेमकेपणाने बोट आपटतात. दिवा लागण्याआधी काही सांगत नाही. चेंडू मात्र खाली येताना वेग घेतो, जमिनीला कधी टेकणार याची वर्दी देतो. तबल्याच्या समेवर आपली मान अचूक डोलते, कारण सम येणार हे आधीपासून जाणवत असतं, तसंच हे.

गंमत म्हणजे हे गुपित कार्टूनवाल्यांच्या हाती कधीच लागलं होतं. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंनी सिनेमागृहात प्रेक्षकांकडून गाणी म्हणून घेण्यासाठी पडद्यावर गाण्याचे शब्द दाखवले आणि त्यांवरून एक चेंडू उड्या मारत नेला. कुठल्या क्षणी कुठलं अक्षर उचलायचं, ते चेंडू सांगायचा.

चालत्या चित्रांना ताल बसवणं हे मुळात गणित आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), म्हणजे २४ सुटी चित्रं असतात. गाण्याचे मिनिटाला १२० ठोके असतील तर दर १२ चौकटींना एक ठोका, हिशेब चोख. १५० ठोके झाले की ९.६ चौकटी येतात, आणि अपूर्णांक चौकट काढता येत नाही. मग कधी ९, कधी १० अशी तडजोड. ती खपते, कारण मेंदू थोडी सूट देतो. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकू लागतो, उशिरा आला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. म्हणजे आधी जेमतेम एक चौकट, नंतर तीन. हा पक्षपात स्वाभाविक वाटतो: प्रकाश आवाजापेक्षा वेगवान असल्याने निसर्गात चित्रच आधी पोचतं. लांबच्या मैदानावर बॅट फिरलेली आधी दिसते, फटक्याचा आवाज मागून येतो. म्हणूनच पाय आपटल्याचं चित्र ठोक्याच्या एक-दोन चौकटी आधी ठेवायची ॲनिमेटरांची जुनी पद्धत आहे.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात काम करणारा नॉर्मन मॅक्लारेन याच्याही पुढे गेला. १९४९ साली त्याने आणि एव्हलिन लॅम्बार्टने पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या जॅझवर थेट फिल्मवर रंग ओढून, ओरखडे काढून लघुपट केला. पात्र नाही, गोष्ट नाही, नुसत्या रेघा नाचतात. १९७१ साली तर त्याने पट्ट्यांच्या आकृत्यांचं छायाचित्रण फिल्मच्या ध्वनिपट्टीवर, म्हणजे कडेला जिथे आवाज नोंदलेला असतो तिथे, करून त्यातूनच संगीत निर्माण केलं, आणि त्याच पट्ट्या रंगवून पडद्यावर दाखवल्या. तिथे दिसतं तेच वाजतं, अगदी शब्दशः. मला विचाराल तर पहिली फिल्म जास्त आवडते. दुसरी थक्क करते, पण थोड्या वेळाने तिच्यात पुढचा अंदाज बांधायला काही उरत नाही.

रॉक आणि पॉपची वाट वेगळी. ‘आ-हा’ या नॉर्वेजियन बँडच्या ‘टेक ऑन मी’चा १९८५चा पेन्सिल-चित्रांचा व्हिडिओ रोटोस्कोपिंगने केलेला आहे: खऱ्या माणसांचं चित्रीकरण करायचं आणि चौकटीमागून चौकट त्यावरून रेघा ओढायच्या. सुमारे ३,००० चौकटी, १६ आठवडे. या तंत्राचं पेटंटही १९१७ साली मॅक्स फ्लायशरलाच, म्हणजे त्या चेंडूवाल्यालाच, मिळालं होतं. माणसाच्या अंगात वेग घेणं आणि थांबणं मुळातच असतं, त्यामुळे लय आयती मिळते. आणि प्रत्येक चित्र हाताने वेगळं काढल्यामुळे रेघा सतत थरथरतात, म्हणून उभं राहिलेलं पात्रसुद्धा निश्चल वाटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण फिल्म्स डिव्हिजनचं: १९७४ची ‘एक अनेक और एकता’. ती केली विजया मुळे यांनी, रेखाटनं भीमसेन यांची आणि संगीत शांतारामबापूंच्या चित्रपटांमुळे मराठी घरांत परिचित असलेल्या वसंत देसाईंचं. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्यांना त्यातली चिमणी आजही आठवते. पात्रं साधी आहेत आणि गाण्यात मोजणी चालू असताना पडद्यावरही आकडा वाढत जातो. डोळ्यांना पुढचं काय ते आधीच ठाऊक असतं आणि ते आलं की बरं वाटतं. स्वर चढताना चेंडू वर जाताना दिसला, तर तीन-चार महिन्यांची बाळंही तो जास्त वेळ बघत राहतात, असं प्रयोगात दिसलं आहे. त्यामुळे अशी जुळणी शिकवावी लागत नसावी.

एक करून पाहा. एखाद्या ॲनिमेटेड व्हिडिओचा आवाज बंद करा आणि त्याच वेगाचं भलतंच गाणं लावा. बराच वेळ ते जमलेलं वाटेल, कारण मेंदू जुळलेले क्षण उचलतो आणि चुकलेले सोडून देतो. १९८८ साली मार्शल आणि कोहेन या संशोधकांनी त्रिकोण-वर्तुळांच्या एका छोट्या फिल्मला वेगवेगळं संगीत लावलं, तेव्हा त्याच त्रिकोणाची हालचाल लोकांना कमी-अधिक जोरकस वाटली. तुमच्या प्रयोगातही पात्राचा स्वभाव बदलल्यासारखा वाटेल. बिंग फुटेल ते गाणं मध्येच थांबतं तिथे: वाद्यं गप्प होतील, आणि पडद्यावरचं पात्र मात्र पळतच राहील.