बनाना की स्पेड? स्पीकरच्या वायरीचं टोक निवडताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात 'स्पीकरच्या वायरीला लावायचं काहीतरी द्या' म्हटलं की समोर दोन वस्तू येतात. एक जाडसर खिळ्यासारखी, मधोमध फुगीर, तो बनाना प्लग. दुसरी यू आकाराची चपटी, ती स्पेड. इलेक्ट्रिशियन तिला फोर्क थिंबल म्हणेल. दोन्ही सोनेरी, दोन्हींचं काम एकच. त्यामुळे 'आवाज कशाने चांगला येतो?' असं आपण विचारतो, आणि तिथेच चुकतो.

हिशेब करून बघा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ७ मिलिओहम. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ७० मिलिओहम. नीट बसलेल्या जोडाचा रोध यापुढे अगदी किरकोळ. घट्ट बनाना आणि घट्ट स्पेड यांच्यातला फरक कानाला कळत नाही. फक्त बनानाचा घट्टपणा त्याच्या स्प्रिंगमधून येतो, स्पेडचा तुमच्या बोटांतून.

टर्मिनल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या पाठीवरचा, नट असलेला वायर जोडायचा दांडा. बनाना त्याच्या मागच्या ४ मिलिमीटरच्या भोकात सरळ खुपसायचा. दिवाळीच्या साफसफाईला अ‍ॅम्प्लिफायर खाली उतरवायचा असो किंवा ११ महिन्यांच्या करारावरचं घर बदलायचं असो, अर्ध्या मिनिटात सगळं सुटतं. पण वायर जड असेल आणि लोंबत असेल, तर ती प्लगला खाली ओढत राहते आणि स्वस्त प्लगची स्प्रिंग ढिली पडते. विकत घेताना दुकानातल्याच एखाद्या टर्मिनलमध्ये घालून बघा; सहज गळून येत असेल तर परत करा. शिवाय तो मागे सरळ बाहेर येतो. आपल्या घरांत स्पीकर भिंतीला टेकलेलेच असतात, तिथे तेवढी दोन-तीन इंच जागाही नसते.

स्पेड बाजूने किंवा खालून सरकते, वायर भिंतीलगत खाली उतरते. नट आवळला की ओढली तरी सुटत नाही. मात्र माप बघावं लागतं: टर्मिनलचा दांडा अनेकदा ६ मिलिमीटरचा असतो, काही मोठ्या स्पीकरांवर ८ चा. यूची फट त्याहून किंचित मोठी हवी. आठवड्याभराने नट पुन्हा एकदा आवळा.

'मग नुसतीच वायर सोलून बांधली तर?' बांधता येते, आणि कोरड्या गावात वर्षानुवर्षं चालेलही. माहीममध्ये मी तेच केलं होतं. दोन पावसाळे गेले आणि डावा स्पीकर खरखरू लागला. नट उघडला तर तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या. समुद्राची खारी, दमट हवा उघड्या तांब्याला सोडत नाही. टोकाला सोल्डर लावून नटखाली दाबू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो. त्यातून एखादी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली तर शॉर्ट, आणि अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतं.

एक गोष्ट मात्र लहान मुलं असलेल्या घरांनी गंभीरपणे घ्यावी. भिंतीवरच्या नेहमीच्या छोट्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांमधलं अंतर १९ मिलिमीटर, आणि स्पीकरच्या दोन टर्मिनलमधलंही बहुतेकदा तेवढंच. भोकं ५ मिलिमीटरच्या पिनसाठी असतात, बनाना ४ चा. म्हणजे मोकळा लोंबणारा बनाना प्लग थेट मेन्समध्ये जाऊ शकतो. सॉकेटला आतून झडप असेल तर बरं, जुन्या इमारतींत ती नसते. युरोपातही हाच धोका असल्याने अनेक अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलमध्ये लाल-काळी प्लास्टिकची बुचं बसवलेली येतात. बनाना काढलात तर दोन्ही टोकं काढा, एक टोक जमिनीवर पडू देऊ नका.

मी अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला बनाना लावतो, कारण तो वरचेवर हलतो. स्पीकरच्या बाजूला स्पेड, कारण ते वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. वायर एकच, टोकं दोन प्रकारची, त्यात काही बिघडत नाही. छोट्या म्युझिक सिस्टीमना मात्र दाबायच्या स्प्रिंग क्लिप असतात, त्यांत यातलं काहीच बसत नाही. तिथे बारीक पिन कनेक्टर मागा. म्हणून लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोड स्टेशनला उतरण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दोघांच्याही पाठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.