उणे पाच अंशांची भट्टी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक रील आलं. बर्फाची खोली, बर्फाचा पलंग, छतापासून लोंबणारं बर्फाचं झुंबर आणि पलंगावर नाकाचा शेंडा तेवढा बाहेर ठेवून झोपलेलं एक जोडपं. खाली शेरे: 'पैसे देऊन फ्रीजरमध्ये झोपायचं', 'सकाळी उठतात की काढावे लागतात?' आणि एका काकांचा ठाम निष्कर्ष, 'आत हीटर असणारच, लपवलेला.' हीटर लावला तर छताचं काय होईल, असं मी विचारलं. त्यावर अंगठा आला, उत्तर नाही.

हे हॉटेल आहे स्वीडनच्या उत्तर टोकाकडच्या युक्कासयार्वी गावात. आर्क्टिक वृत्ताच्या दोनेकशे किलोमीटर उत्तरेला, किरुना या लोहखनिजाच्या शहराजवळ. गावातून तोर्ने नदी वाहते. इथे पर्यटक यायचे ते उन्हाळ्यात, नदीसाठी. हिवाळ्यात अंधार आणि थंडी, कोण येणार? इंग्वे बेरिक्विस्ट या स्थानिक व्यावसायिकाने ठरवलं की थंडीच विकायची. 1989 मध्ये जपानी बर्फशिल्पकारांना बोलावून झालं, पुढच्या हिवाळ्यात एका मोठ्या हिमघरात चित्रप्रदर्शन भरलं. एका रात्री गावात खोल्या शिल्लक नव्हत्या, तेव्हा काही पाहुणे स्लीपिंग बॅगा घेऊन त्या प्रदर्शनाच्या दालनातच झोपले. सकाळी सगळे ठणठणीत. आइसहोटेलची सुरुवात ही अशी.

निसर्गवेड्यांना रात्र काढायला स्वीडनने आणखीही अचाट जागा केल्या आहेत. साला इथल्या जुन्या चांदीच्या खाणीत 155 मीटर खोल एक शयनकक्ष आहे. कोलारबीनमध्ये कोळसा पाडणाऱ्यांच्या जुन्या झोपड्यांसारख्या, माती-गवताने झाकलेल्या खोपट्या आहेत. वीज नाही, लाकडं स्वतः फोडायची. हाराड्सच्या जंगलात झाडावर टांगलेला आरशांचा एक घन आहे. पक्षी त्यावर आदळू नयेत म्हणून काचेत अतिनील किरणांत दिसणारा थर बसवला आहे, जो पक्ष्यांना दिसतो आणि आपल्याला नाही. (काही ठिकाणी हा थर 'इन्फ्रारेड' असल्याचं लिहिलेलं सापडेल. पक्ष्यांना इन्फ्रारेड दिसत नाही. एकाने चुकायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं, तसला प्रकार.) पण माझा जीव अडकलाय तो बर्फाच्या खोलीत, कारण तिथल्या भिंतीच्या आत जे चाललेलं असतं ते मला आरशाच्या घनापेक्षा फार गमतीचं वाटतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत आपण गोळेवाल्याचा तोही बर्फ आणि मनालीत आकाशातून पडतो तोही बर्फ म्हणतो. या लेखापुरतं, भुरभुरत पडलेलं ते हिम आणि पाणी गोठून झालेला घट्ट, पारदर्शक तो बर्फ. दोन्हीत रेणू तेच, पण उष्णतेच्या बाबतीत दोघांचं अजिबात जमत नाही. घट्ट बर्फ साध्या विटेच्या साधारण तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतो. ताज्या हिमात नव्वद टक्के हवाच असते, त्यामुळे ते उष्णता जवळपास जाऊच देत नाही. नुसत्या स्वच्छ बर्फाच्या लाद्यांची खोली म्हणजे थंडीला मोकळं रान. म्हणून तोर्ने नदीतून मार्चमध्ये कापलेल्या, दोन-दोन टनांच्या नितळ लाद्या वापरतात त्या खिडक्या, खांब आणि शिल्पांसाठी. (त्या इतक्या नितळ का? नदी वरून खाली, अगदी सावकाश गोठते आणि वाहतं पाणी हवेचे बुडबुडे घेऊन जातं. आपल्या ट्रेमधला खडा सगळ्या बाजूंनी घाईने गोठतो, हवा मध्ये कोंडते, म्हणून त्याचं पोट पांढरं.) भिंती आणि छत मात्र हिम आणि बर्फ यांच्या मधल्या एका पदार्थाचे. तिथले लोक त्याला 'स्नाइस' म्हणतात, आपण हिमबर्फ म्हणू.

हा हिमबर्फ पोलादी साच्यांवर यंत्राने फवारतात, दोनेक दिवस तसाच राहू देतात आणि मग साचा सरकवून काढून घेतात. कमान उभी! ना सिमेंट, ना सळया. फवारताना जे भुसभुशीत होतं ते दोन दिवसांत टणक कसं झालं? ते वितळून पुन्हा गोठलं, हे उत्तर बहुतेकांना सुचतं आणि ते चूक आहे. तापमान शून्याखाली असतानाही हे होतं. इथून पुढे थोडा वेळ धीर धरा, हा माझा आवडता भाग आहे.

आपण तापमान मोजतो ते आपल्या सोयीने. उणे पाच म्हणजे थंड, कारण आपण छत्तीस-सदतीस अंशांचे प्राणी. पण पदार्थाला विचारायचं तर प्रश्न असा हवा: तू तुझ्या वितळण्यापासून किती लांब आहेस? त्यासाठी निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे केल्विनमध्ये मोजायला हवं. बर्फ वितळतो 273 केल्विनला. उणे पाच म्हणजे 268 केल्विन. म्हणजे बर्फ आपल्या वितळणबिंदूच्या 98 टक्क्यांवर आहे. आता लोखंड घ्या. ते 1,538 अंश सेल्सिअसला, म्हणजे 1,811 केल्विनला वितळतं. त्याचे 98 टक्के काढले तर येतात साधारण 1,500 अंश सेल्सिअस. लोहाराच्या भट्टीत लाल झालेलं लोखंडसुद्धा याच्या बरंच खाली असतं! थोडक्यात, उणे पाचला असलेला बर्फ हा 'थंडगार' पदार्थ नाहीच, तो पांढराशुभ्र तापलेला पदार्थ आहे. किरुनाच्या खाणीतून निघणारं लोखंड ज्या भट्टीत घालायचं, त्या भट्टीत शेजारच्या गावातला बर्फ कायमचाच बसलेला आहे.

इतक्या तापलेल्या पदार्थाचे रेणू जागेवर गप्प बसत नाहीत. हिमाच्या कणाच्या टोकावरच्या रेणूला शेजारी कमी, त्यामुळे तो चटकन सुटून वाफ होतो. दोन कण जिथे टेकतात तिथल्या खोबणीत उलटं. तिथे येणाऱ्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी मिळतात, तो तिथेच रुजतो. म्हणजे बाहेर फुगलेल्या भागावरचा बाष्पदाब जरासा जास्त, खोलगट भागावरचा जरासा कमी, आणि वाफेचा प्रवाह सतत टोकांकडून खोबणीकडे. शिवाय काही रेणू पृष्ठभागावरूनच सरपटत तिथे पोचतात. हळूहळू दोन कणांमध्ये एक मान तयार होते, मान जाड होत जाते आणि कणांचा ढीग एकसंध जाळी बनतो. यात थेंबभरही पाणी झालेलं नसतं. याला सिंटरिंग म्हणतात. स्कूटरच्या स्पार्क प्लगवरचा पांढरा चिनी मातीसारखा भाग असाच बनतो, फक्त तिथे खरीखुरी भट्टी लागते.

आपल्याला बरेचदा शिकवलं गेलंय की दाबाने बर्फाचा वितळणबिंदू उतरतो, म्हणून तो चिकटतो आणि म्हणूनच स्केटिंग करता येतं. दाबाने वितळणबिंदू उतरतो हे खरं, पण किती? एका वातावरणाच्या दाबाला 0.0074 अंश. सत्तर किलोचा माणूस तीन मिलिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर लांब पात्यावर उभा राहिला तर दाब होतो आठेक वातावरणांचा, म्हणजे उतार 0.06 अंशांचा. उणे पाचला वितळवायचं तर सहाशेच्या आसपास वातावरणं हवीत. अशी स्केटिंग हत्तीलाही जमणार नाही. मायकेल फॅरडेने 1850 मध्येच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सांगितलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही एक पातळ, पाण्यासारखा थर असतो. तो आहे, काही रेणूंच्या जाडीचा, हे आता मोजता येतं. पण पाठ्यपुस्तकं दाबाचंच तुणतुणं वाजवतात.

बरं, हे घडतंय का ते पाहायला स्वीडनचं तिकीट नको. ट्रेमधले कोरडे खडे एका वाडग्यात काढा, झाकण लावा आणि डीप फ्रीजरमध्ये विसरून जा. डीप फ्रीजर म्हणतोय ते मुद्दाम, कारण आपोआप बर्फ साफ करणारे फ्रीज मध्येच थोडे तापतात आणि प्रयोगाची वाट लागते. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

तापलेला पदार्थ म्हटलं की दुसरी गोष्ट ओघाने आली, तो वाकतो. हॉटेलची छतं हिवाळाभर नकळत खाली बसत जातात. हिमनद्या वाहतात त्याच कारणाने. म्हणून कमानीचा आकार उलट्या टांगलेल्या साखळीसारखा ठेवतात. साखळी फक्त ताणली जाते, तर तीच उलटी केली की फक्त दाबली जाते, आणि बर्फ ताणापेक्षा दाब कितीतरी जास्त सोसतो.

आता काकांच्या हीटरकडे येऊ. आतलं तापमान उणे पाच ते उणे आठ राहतं, बाहेर उणे तीस असलं तरी. माणसांच्या अंगाची ऊब कारणीभूत असं लिहिलेलं वाचाल. छोट्या इग्लूत ते खरं आहे. पण झोपलेला माणूस देतो ऐंशीएक वॅट, जुन्या पिवळ्या बल्बइतके. त्यावर एवढं दालन तापत नाही. खरं काम करते भिंतीची जाडी आणि हिमाचा आळशीपणा. एका रात्रीतल्या थंडीचा चढउतार दाबलेल्या हिमात दहाएक सेंटिमीटर आत शिरला की एक तृतीयांशावर येतो, आणखी दहा सेंटिमीटरवर त्याचाही एक तृतीयांश. मीटरभर जाडीच्या भिंतीतून पूर्ण बदल पलीकडे पोचायला आठवडे लागतात. त्यामुळे खोलीला 'कालची रात्र' कळतच नाही, तिला कळते महिन्याची सरासरी. खालून जमिनीत उरलेली उन्हाळ्याची ऊब मिळते ती वेगळी. हीटर नाही, काका!

तिथल्या जनावरांना हे हॉटेल फार आधीपासून माहीत आहे. दोन वीत हिम साचलं की त्याच्या तळाशी, जमिनीला लागून, तापमान शून्याच्या जवळपास टिकतं. वरून थंडी, खालून ऊब, त्यामुळे वाफ खालून वर सरकत राहते आणि तळाचं हिम मोकळ्या, साखरेसारख्या खड्यांचं होतं. त्या पोकळीत उंदरांसारखे व्होल आणि लेमिंग हिवाळा काढतात. रानकोंबड्यांचे उत्तरेकडचे भाऊबंद रात्री हिमात सूर मारून झोपतात. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे सामी लोकांच्या भाषेत या साखरी हिमाला 'सेअङाश' असा खास शब्द आहे. रेनडियर ते खुरांनी सहज उकरतात आणि खालचं दगडफूल खातात. मध्येच पाऊस पडून वर कडक बर्फाचं कवच धरलं तर मात्र कळपांची उपासमार होते, आणि हल्ली हिवाळ्यात पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत आहेत.

पाहुण्यांना झोपवतात तेही त्याच रेनडियरच्या कातड्यावर. त्याच्या केसांच्या आत हवेचे कप्पे असतात. वर जाड स्लीपिंग बॅग, अंगात कोरडे लोकरी कपडे, डोक्याला टोपी. 'जितके कपडे तितकी ऊब' ही समजूत इथे अंगाशी येते. दाटीवाटीने घातलेले कपडे मधली हवा दाबून टाकतात, वर घाम येतो आणि ओली लोकर ऊब सोडते. पहाटे उठवायला कोणी तरी गरम लिंगनबेरीचं सरबत घेऊन येतं. संडास-बाथरूम शेजारच्या गरम इमारतीत. हा तपशील रीलमध्ये नसतो.

रीलमध्ये नसलेलं आणखी बरंच आहे. अरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश, 'हमखास' दाखवणारे टूरवाले ढगांशी करार करून आलेले नसतात, आणि तो दिसलाच तरी अनेकदा डोळ्यांना राखाडी पट्टा दिसतो. पोपटी रंग भडक होतो कॅमेऱ्याच्या लांब एक्स्पोजरमध्ये. बर्फात झोपून शरीर 'डिटॉक्स' होतं म्हणे. ते काम मूत्रपिंडं डोंबिवलीतही करतात. आणि त्याच ग्रुपवर वर्षातून दोनदा येणारा तो फॉरवर्ड, की पाण्याला गोड शब्द ऐकवले की सुंदर स्फटिक होतात. स्फटिकाचा आकार ठरतो हवेच्या तापमानावर आणि बाष्पावर: उणे पंधराच्या आसपास नक्षीदार चांदण्या, उणे पाचच्या आसपास सुया. उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये जपानमध्ये प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवले, तेही सशाच्या केसाच्या टोकावर. केसाला कोणी काही ऐकवलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ऊन वाढलं की हॉटेल गळायला लागतं आणि पाणी तोर्नेत परत जातं. 2016 पासून एक भाग बारमाही ठेवला आहे, उन्हाळ्यात सौरविजेवर थंड करून. न मावळणाऱ्या सूर्याकडूनच बर्फ राखून घ्यायचा, ही कल्पना मला आवडली. दरवर्षी नव्याने बांधायची मजा मात्र त्यात नाही.

वाडग्याचं सांगायचं राहिलं. माझा फ्रीजर उणे अठराला आहे, म्हणजे बर्फाच्या हिशेबात 93 टक्के, जरा मंदावलेली भट्टी. सोळाव्या दिवशी वाडगा पालथा केला. बारापैकी एकही खडा पडला नाही. लाटण्याने दोन ठोके घातले तेव्हा निघाले, तेही तीन-तीनचे जुडगे. जिथे मोडले तिथे प्रत्येकावर एक छोटी गोल चकती उमटली होती, मुगाच्या दाण्याएवढी. ती मान.