पट्टी चढते, गळा तोच राहतो

कॅसेट दीडपट वेगाने पळवली की तीन गोष्टी एकदम होतात. सूर षड्जावरून पंचमावर जातो, तीन मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत आटोपतं आणि गाणारा बाप्या अचानक लहान पोरासारखा चिवचिवू लागतो. पहिल्या दोन गोष्टींत नवल काही नाही. तिसरीचं कारण मात्र गळ्याच्या रचनेत आहे, आणि आवाजाची पट्टी बदलू पाहणाऱ्यांना सगळ्यात जास्त तिनेच छळलं.

काळी एकमध्ये षड्ज लावलेल्या पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा मिटतात, म्हणजे दर ७.२ मिलिसेकंदांनी एकदा. दर मिटण्यासरशी हवेला ठोका बसतो. त्या ठोक्याने स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची साधारण १७ सेंटिमीटर लांबीची पोकळी घुमते, आणि घुमून लगेच विरते. ती कशी घुमणार, हे तिच्या आकारावर ठरतं. ‘आ’ म्हणताना सुमारे ७०० आणि ११०० हर्ट्झच्या आसपास तिचा जोर असतो; जीभ उचलली, ओठ आवळले की हे आकडे बदलतात आणि ‘आ’चा ‘ई’ किंवा ‘ऊ’ होतो. थोडक्यात, ठोके किती दाट पडतात त्यावर सूर, आणि पोकळी कशी घुमते त्यावर स्वराचा उच्चार आणि गाणाऱ्याची ओळख. गायक पंचमावर जातो तेव्हा ठोके दाट होतात, पण गळा काही आखडत नाही. टेप पळवली की मात्र ७००चे १०५० होतात. कानाच्या हिशेबाने १७ सेंटिमीटरची पोकळी सव्वाअकरावर आली. एवढा आखूड गळा लहान मुलाचाच असतो.

वेग, सूर आणि गळा यांची ही गाठ सोडवण्याचा रस्ता दाखवला तो डेनिस गाबोर या हंगेरियन शास्त्रज्ञाने. होलोग्राफीसाठी १९७१ साली नोबेल मिळालेला तोच हा. १९४६ साली इंग्लंडमध्ये काम करताना त्याने मांडलं, की ध्वनी म्हणजे अखंड लाटच समजण्याची गरज नाही. बारीक बारीक कणांची बेरीज म्हणूनही तो लिहिता येतो. गणित त्याने क्वांटम भौतिकीतून उचललं होतं, आणि त्यासोबत तिथली अडचणही आली: कण जितका छोटा, तितका त्याचा सूर धूसर. आपल्या काळी एकच्या षड्जातून पाच मिलिसेकंदांचा तुकडा कापला तर त्यात एक आवर्तनसुद्धा पुरतं मावत नाही. तो नुसता ‘टक’ असा ऐकू येणार. यंत्र कितीही भारी आणा, यातून सुटका नाही. गाबोरने सिनेमाच्या फिल्मवरचा ध्वनिपट्टा आणि फिरता, खाचा पाडलेला पिंप वापरून बोलण्याचे असे तुकडे करणारं यंत्रही जुळवलं होतं.

संगणकावर हे तंत्र अमेरिकन संगीतकार कर्टिस रोड्सने १९७४ साली उतरवलं. ग्रॅन्युलर सिंथेसिस ते हेच. ध्वनीचे साधारण १० ते १०० मिलिसेकंदांचे कण पाडायचे, प्रत्येकाची दोन्ही टोकं हळूच शून्यावर आणायची (नाहीतर दर जोडावर खटखट ऐकू येते), आणि मग ते एकमेकांवर थोडे चढवून पुन्हा मांडायचे. कण जागच्या जागी दोनदोनदा वाजवले की गाणं लांबतं, पण पट्टी हलत नाही. वेग आणि सूर इथे सुटे झाले.

गळा सोडवायचा राहिला. त्यासाठी कण मन मानेल तिथे कापून भागत नाही, ठोक्यावरच कापावे लागतात. फ्रान्सच्या दूरसंचार संशोधन केंद्रात १९८०च्या दशकात संगणकाला बोलायला लावण्याच्या खटपटीतून ही पद्धत पुढे आली. प्रत्येक ठोका मध्यभागी येईल असा दोन आवर्तनांचा, म्हणजे १४.४ मिलिसेकंदांचा कण घ्यायचा. मुळात हे कण ७.२ मिलिसेकंदांच्या अंतराने होते, ते आता ४.८च्या अंतराने मांडायचे. झाला पंचम! गजऱ्यात कळ्या दाट ओवाव्यात तसं; कळी तेवढीच राहते, दोन कळ्यांमधलं अंतर कमी होतं. प्रत्येक कणाच्या आतलं घुमणं जसंच्या तसं असल्याने ‘आ’ हा ‘आ’च राहतो आणि माणूसही तोच. सेकंदाला आता १३९ऐवजी २०८ कण लागतात, म्हणून दर दोन कणांमागे एक दोनदा वापरायचा. कानाला त्याचा पत्ता लागत नाही.

माझ्या मते या तंत्राची खरी गंमत इथे आहे. सतारीच्या किंवा व्हायोलिनच्या आवाजावर कण आपण बाहेरून लादतो. गळा मुळातच कणाकणाने गातो, आपण फक्त त्याचे सांधे ओळखायचे.

सांधे चुकले की फजिती होते. ‘स’, ‘श’ यांत स्वरतंतू मिटतच नाहीत, नुसती हवा सुसाटते. त्या सुसाट्याचा तोच कण दोनदा वाजला की पत्र्यासारखी झिणझिण येते. म्हणून शहाणं सॉफ्टवेअर अशा जागा न हलवता सोडून देतं. दोन आवर्तनांना एक समजण्याची चूक झाली तर आवाज एकदम खालच्या सप्तकात जाऊन घोगरतो. आणि एकाच माइकमध्ये तानपुरा, पेटी, गायक असं सगळं शिरलेलं मैफलीचं जुनं रेकॉर्डिंग या पद्धतीला झेपतच नाही, कारण ठोके नक्की कुणाचे मोजायचे?

कॅनडाच्या बॅरी ट्रुअॅक्स या संगीतकाराने मात्र आवाज ओळखू येण्याचा हट्टच सोडला. १९८६मध्ये त्याने ही प्रक्रिया तत्क्षणी चालवून दाखवली आणि पुढच्याच वर्षी एका रचनेतले बहुतेक भाग फक्त दोन उच्चारांतून उभे केले, एक पुरुषाचा, एक बाईचा. सेकंदाला शेकडो कण ओतले की त्या इवल्याशा उच्चारातून समूहगानासारखा ध्वनी उसळतो.

१९९७ साली आलेल्या, हललेला सूर आपोआप जागेवर बसवणाऱ्या ऑटोट्यून या सॉफ्टवेअरवर आपल्याकडचे गाणारे चिडतात, त्यात तथ्य आहे. पण दरबारीचा आंदोलित कोमल गंधार खिळा ठोकल्यासारखा थिजतो तो बारा सुरांच्या ठरीव यादीमुळे. ठोके हलवणारं तंत्र ते आंदोलन हवं तसं ठेवू शकतं, कुणी तसं सांगितलं तर.

अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं प्राट (Praat) हे आवाज तपासण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात स्वतःचा ‘सा’ रेकॉर्ड करून उघडा. ‘आ’वर प्रत्येक ठोक्यागणिक निळी उभी रेघ दिसते, ‘स’वर एकही नाही. खालचे सुराचे ठिपके माउसने वर ओढून पुन्हा वाजवा, आणि मग तोच ‘सा’ नुसता वेग वाढवून ऐका.