पायाखालचा लेहरा

तबल्याचं एकल वादन ऐकताना सगळ्यांचं लक्ष तबलजीच्या बोटांकडे असतं. शेजारचा हार्मोनियमवाला मात्र सोळा मात्रांची एकच ओळ त्याच लयीत अर्धा-पाऊण तास वाजवत राहतो. कायदा, रेला, तिहाई या तबल्याच्या रचना कितीही गुंतागुंतीच्या झाल्या तरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे हे ती ओळ, म्हणजेच लेहरा, सांगत असतो. वडोदऱ्यात १८८६ साली सयाजीराव गायकवाडांनी गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. तिचंच पुढे सुरसागर तलावाजवळचं आजचं संगीत महाविद्यालय झालं. तिथे शिकलेल्यांच्या अंगात लेहरा भिनलेला असतो. म्हणूनच इथल्या दांडिया बाजारातली एकट्याने गिटार घेऊन बसणारी मुलं लूप पेडलची चौकशी करतात, तेव्हा मी त्यांना आधी लेहऱ्याची आठवण देतो.

लूप पेडल म्हणजे पायाने चालवायचा छोटा रेकॉर्डर. बटण एकदा दाबलं की मुद्रण सुरू होतं. दुसऱ्यांदा दाबलं की ते थांबतं आणि त्याच क्षणी पहिल्यापासून वाजू लागतं. पुढे दाबाल तसे त्यावर नवे थर चढतात. आत आवाजाची बहुधा दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं घेतली जातात. एका मात्रेला एक सेकंद धरला तर त्रितालाचं आवर्तन १६ सेकंदांचं, म्हणजे सात लाखांवर आकडे. १६ बिटांनी साठवले तर जेमतेम १.४ मेगाबाइट. टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने १९६०च्या दशकात हे काम दोन टेपरेकॉर्डरांमध्ये एकच फीत ताणून केलं होतं. एकावर मुद्रण व्हायचं, दुसऱ्यावर ते ऐकू यायचं. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकत असेल आणि यंत्रं दोन मीटरवर असतील, तर आवाज साडेदहा सेकंदांनी परत येतो. आवर्तन लांबवायचं तर यंत्रच लांब सरकवायचं.

आता खरी अडचण. दुसऱ्यांदा बटण दाबताना तुम्ही आवर्तनाची लांबी कायमची ठरवत असता. पाय ५० मिलिसेकंद उशिरा पडला, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, तर प्रत्येक फेरीत समेपाशी तेवढा अडखळा येतो. सोबत इलेक्ट्रॉनिक तबला चालू असेल तर हा फरक साठत जातो. दहा आवर्तनांत अर्धा सेकंद, म्हणजे आपल्या लयीत अर्धी मात्रा! तोपर्यंत सगळं विस्कटलेलं असतं.

ही चूक बहुतेक वेळा पहिल्या दाबण्यात दडलेली असते. ठोक्याबरोबर टिचकी मारायला सांगितलं तर माणसं ती सहसा ठोक्याच्या किंचित आधी मारतात. लयीच्या अभ्यासात हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. सुरुवात आणि शेवट दोन्ही सारखेच लवकर दाबले तर लांबी बरोबरच येते. पण नवशिका शांततेत बटण दाबतो आणि मग वाजवायला लागतो. शेवटचं बटण मात्र वाजवण्याच्या भरात दाबतो. दोन्ही वेळा पायाची चूक वेगळी. म्हणून आधी एक पूर्ण आवर्तन नुसतं वाजवा, समेवर दाबा, न थांबता पुढच्या समेवर पुन्हा दाबा आणि तरीही वाजवत राहा.

याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. तार छेडल्यावर नाद काही काळ रेंगाळतो. शांततेतून सुरू केलेल्या मुद्रणात शेवटच्या स्वराची ही शेपटी सांध्यावर, म्हणजे शेवट जिथे पुन्हा सुरुवातीला मिळतो तिथे, कापली जाते. तिथे ध्वनिलहर एका पातळीवरून दुसरीवर उडी मारते आणि ‘टक्’ असं ऐकू येतं. बरीच पेडलं सांध्यावर आवाज क्षणभर उतरवून-चढवून ही उडी बुजवतात, पण कापलेली शेपटी त्यांना परत आणता येत नाही. आधीचं आवर्तन वाजवलेलं असलं की त्याची शेपटी मुद्रणाच्या सुरुवातीलाच येऊन बसते आणि सांधा आपोआप जुळतो.

थर चढवताना हात आखडता घ्या. सारख्या जोराचे दोन वेगळे आवाज मिळून पातळी साधारण ३ डेसिबल वाढते, चार झाले की ६. पण खरा गोंधळ खर्जात होतो. खालच्या पट्टीतला जोरदार आवाज वरच्या आवाजांना सहज झाकतो, उलट तितकं होत नाही. त्यामुळे मंद्रात एकच थर ठेवा, तोही हलका, आणि मध्य-तार सप्तकाला मोकळी जागा द्या. सरावाला गरब्यातला हींच ताल उत्तम. सहा मात्रा, छोटं आवर्तन. गरब्याच्या जलद लयीत अडखळा दोन-तीन सेकंदांत पुन्हा कानावर येतो, लपून राहत नाही.

गाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. गिटारसाठी बनलेल्या पेडलला साध्या मायक्रोफोनचा काही मिलिव्होल्टचा संदेश पुरत नाही. मधे मिक्सर तरी लागतो, नाहीतर मायक्रोफोनची सोय असलेलं पेडल. आणि स्पीकर मायक्रोफोनसमोर ठेवला असेल तर नवा थर चढवताना वाजणारा लूपही त्यात पुन्हा शिरतो, पुढच्या थरात आणखी एकदा. आवाज फेरीगणिक धूसर होत जातो. स्पीकर मायक्रोफोनच्या पाठीमागे, दूर ठेवा. खोली लहान असेल तर थर चढवताना हेडफोनच लावा.