‘लई वांड आहे’ म्हणजे नेमकं किती वांड?

पालक सभेत लेकरांबद्दल जे बोललं जातं ना ते जरा कान देऊन ऐका. वांड आहे, आगाऊ आहे, कामचोर आहे, "लई त्रास द्यायलंय ओ सर, ऐकतच नाही." समोरचा मान डोलावतो, सगळ्यांना वाटतं कळलं, पण लेकरू करतं काय ते कुणीच सांगितलेलं नसतं. शेजारच्याला चिमटे काढतं, वर्गातून पळतं का नुसतं खिडकीबाहेर बघत बसतं? बरं, मारामारी का करतो विचारलं तर म्हणे वांड आहे म्हणून. वांड कशावरून? मारामारी करतो त्यावरून. झालं, कारण सांगितल्यासारखं वाटलं आणि सांगितलं काहीच नाही.

बिहेवियर ॲनालिसिस, म्हणजे वर्तन विश्लेषण, हे शास्त्र इथूनच सुरू होतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत उंदरांवर प्रयोग करून त्याचा पाया घातला, पुढं १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी माणसांच्या रोजच्या अडचणींसाठी ते कसं वापरायचं याचे निकष मांडले. इतिहास एवढा बास. कामाची अट एकच, वर्तन अशा शब्दांत लिहायचं की दोन अनोळखी माणसांनी ते वाचून तेच बघावं आणि तेवढंच मोजावं.

यात ऑग्डन लिंडस्ली या संशोधकाची एक टेस्ट आहे, मला तर लई आवडते. जे काम मढं पण करू शकतं ते वर्तन नाही! आता आपल्या शाळांचं आवडतं ध्येय घ्या, 'शांत बसणे', 'दंगा न करणे'. मढ्याइतकं शांत कोण बसणार? म्हणून ध्येय असं लिहावं लागतं, की दिलेली गणितं सोडवतो, बोलायचं असेल तर हात वर करतो.

आता लातूरकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतला तिसरीतला पोरगा धरा, मॅडम दिवसभर ओरडतात, "कामून उठायलास रे सारखं सारखं?" याची व्याख्या काहीशी अशी होईल: मॅडमनी न सांगता बूड सतरंजीवरून पूर्ण उचललं आणि जागेपासून हातभर तरी लांब गेला तर एकदा उठला. पडलेली पेन्सिल घ्यायला वाकला तर धरायचं नाही, विचारून पाणी प्यायला गेला तरी धरायचं नाही, परत बसून पुन्हा उठला तर दोन. वाचायला किचकट आहे, मान्य, पण मोजायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांतच हे प्रश्न येतात. मग दोघं जण एकमेकांच्या वहीत न डोकावता मोजतात. एकाचे १२ आले आणि दुसऱ्याचे ९, तर लहान आकड्याला मोठ्यानं भागायचं, ७५ टक्के जुळलं. साधारण ८० च्या खाली आलं तर पोराला बोल न लावता आधी व्याख्या नीट करायची, मोजणाऱ्यांची थोडी प्रॅक्टिस घ्यायची. आणि दोघांचे १०-१० आले तरी लगेच खूश व्हायचं नाही, कारण एकाला तासाच्या सुरुवातीचे दिसले असतील आणि दुसऱ्याला शेवटचे, म्हणून मिनिटा-मिनिटाचे तुकडे करून ताळा घेतात.

सगळंच असं 'किती वेळा' मोजून भागत नाही. रडणं एकदाच असतं पण ते अर्धा तास चालतं, तिथं घड्याळ लावायचं. जेवायला ये म्हटल्यापासून मोबाईल खाली ठेवेपर्यंत किती वेळ गेला, हे आणखी वेगळं माप.

खरी मजा पुढं आहे. दोन पोरं आहेत, दोघंही वही भिरकावतात, बघायला वागणं अगदी सारखं. पहिला गणिताच्याच तासाला भिरकावतो, सर चिडून वर्गाबाहेर काढतात, आणि हा बाहेर लिंबाच्या सावलीत निवांत, गणित सुटलं की! सरांच्या मते ती शिक्षा आहे, त्याच्यासाठी बक्षीस. दुसरा कुठल्याही तासाला भिरकावतो, पण सरांचं लक्ष आणखी कुणाकडं असलं की, कारण त्यानंतर सर त्याच्याकडं येतात, भले ओरडायला का येईना. दोघांना एकच उपाय केला तर एकाचं बिघडणारच. म्हणून वर्तनाच्या आधी काय झालं आणि नंतर काय मिळालं हे लिहून ठेवतात. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याची पद्धतशीर चाचणी केली, स्वतःला इजा करून घेणाऱ्या ९ मुलांना १५-१५ मिनिटं वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून बघितलं, कधी काम सांगून, कधी एकटं सोडून, कधी इजा केली की लगेच लक्ष देऊन. इजा वरून सारखीच दिसत होती, पण ती कुठं वाढते हे मुलागणिक बदललं.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या लेकरांवर हे शास्त्र जसं वापरलं गेलं त्यावर टीका पण झालीय, आणि ती मला पटते. आनंद झाला की हात फडफडवणाऱ्या लेकराचं ते फडफडवणं थांबवायचं कशाला, कुणाचं काय बिघडतंय त्यानं? वरच्या त्या तिघांतल्याच वुल्फनी १९७८ मध्ये लिहिलं होतं की उपायाचं ध्येय, पद्धत आणि परिणाम हे ज्यांच्यासाठी आहेत त्यांना पटतात का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी ते विचारायचं राहून गेलं.

बाकी घरी करून बघणार असाल तर एक माहीत असू द्या. रडलं की मोबाईल द्यायचा, हे बंद केलं की रडणं लगेच कमी होत नाही, आधी चांगलंच वाढू शकतं, आणि नेमकं तेव्हाच पाव्हणे आलेले असतात. तुम्ही चार दिवस तग धरता, पाचव्या दिवशी आज्जी "रडू दे का माय आता लेकराला" म्हणत हळूच मोबाईल हातात देते, आणि लेकरू शिकतं की पाच दिवस रडलं की मिळतो.