टीम फोर्ट्रेस २ : व्यंगचित्री रूपामागचा इतिहास

वॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचा 'टीम फोर्ट्रेस २' हा गेम १० ऑक्टोबर २००७ रोजी 'ऑरेंज बॉक्स' या पाच गेमच्या संचातून बाजारात आला, तेव्हा त्याच्या पहिल्या घोषणेला सुमारे नऊ वर्षे होऊन गेली होती आणि तो कधीतरी येईल ही आशा बहुतेकांनी सोडून दिली होती. जे हाती पडले ते कोणाच्याच अंदाजात बसणारे नव्हते. त्या काळातील युद्धविषयक गेम खाकी, करडे आणि शक्य तितके खरे दिसण्याच्या मागे लागलेले असताना येथे पिंपासारख्या छातीचा रशियन मशीनगनवाला, सुटाबुटातला मुखवटाधारी हेर आणि अखंड बडबड करणारा बोस्टनचा पोरगा असे नऊ भाडोत्री लढवय्ये होते. हे रूप केवळ गंमत म्हणून घेतले असावे, असा समज आजही आढळतो. वस्तुतः ते खेळाच्या रचनेतून उभ्या राहिलेल्या एका अडचणीवरचे नेमके उत्तर होते, आणि पुढे पात्रांना घालायच्या ज्या टोप्यांच्या बाजाराने हा गेम जगवला, त्याच बाजाराने त्या उत्तराला हळूहळू सुरुंग लावला.

या गेमची मुळे ऑस्ट्रेलियात आहेत. इड सॉफ्टवेअरचा 'क्वेक' जून १९९६ मध्ये आला. त्याचे नियम बदलण्यासाठी क्वेक-सी नावाची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा निर्मात्यांनी खेळाडूंसाठी खुली ठेवली होती आणि तिच्या आधारे मूळ गेमवर आपला गेम रचणाऱ्यांची, म्हणजे मॉड करणाऱ्यांची, एक पिढीच तयार झाली. मेलबर्नच्या रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉघली यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'टीम फोर्ट्रेस' हा मॉड इंटरनेटवर मोफत ठेवला. तोवर ऑनलाइन बंदूकबाजीत सगळे खेळाडू सारखेच असत. ज्याचा नेम चांगला आणि हात चपळ, तो जिंकणार हे ठरलेले होते. या मॉडमध्ये खेळाडूने आधी आपली भूमिका निवडायची होती. कोणी हलका आणि वेगवान टेहळ्या, कोणी दुरून नेम धरणारा, कोणी जखमींवर उपचार करणारा वैद्य. सुरुवातीच्या पाच भूमिकांची संख्या पुढच्या आवृत्त्यांत नऊवर गेली आणि त्यात हेर व इंजिनिअर हे दोघे आले. हेर शत्रूच्या वेषात वावरत असे आणि इंजिनिअर आपोआप गोळीबार करणारी तोफ उभारत असे. म्हणजे ज्याचा नेम बेताचाच आहे, त्यालाही संघात मानाची जागा मिळाली. मॉडच्या लोकप्रियतेचे खरे कारण माझ्या मते हेच होते.

मॉडला यश मिळाल्यावर या मंडळींनी स्वतंत्र उत्तरभागाचे काम हाती घेतले. १९९८ मध्ये वॉल्व्हने त्यांनाच आपल्याकडे बोलावून घेतले. 'हाफ-लाइफ' हा वॉल्व्हचा पहिला गेम तेव्हा पूर्णत्वाच्या वाटेवर होता आणि 'टीम फोर्ट्रेस २' ही त्याची पुरवणी असेल, असे आधी ठरले. नंतर तो स्वतंत्र गेम करण्याचा निर्णय झाला. मधल्या काळाची सोय म्हणून जुन्या मॉडची हाफ-लाइफच्या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर, बेतलेली आवृत्ती एप्रिल १९९९ मध्ये 'टीम फोर्ट्रेस क्लासिक' या नावाने हाफ-लाइफधारकांना मोफत देण्यात आली. बाहेरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी हेच इंजिन वापरून काय काय करता येईल, याचा नमुना दाखवण्याचाही त्यात हेतू होता. त्याच सुमारास त्याच हाफ-लाइफवर 'काउंटर-स्ट्राइक' हा दुसरा मॉड आकार घेत होता. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंनी पुढे त्याला डोक्यावर घेतले. टीम फोर्ट्रेसच्या वाट्याला आपल्याकडे तेवढे प्रेम कधी आले नाही.

मे १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात वॉल्व्हने उत्तरभागाची झलक दाखवली. 'ब्रदरहुड ऑफ आर्म्स' असे उपनाव मिरवणारा हा गेम आधुनिक लष्करी युद्धाचा आणि पूर्णपणे वास्तवदर्शी होता. त्यात सैनिकांचे गणवेश होते, वाहने होती, खेळाडूंना एकमेकांशी बोलण्याची सोय होती आणि आकाशातून रणभूमी पाहून हुकूम सोडणाऱ्या सेनापतीची भूमिकाही होती. समीक्षकांनी कौतुक केले, प्रदर्शनात पुरस्कारही मिळाले. परंतु २००० च्या मध्यावर कंपनीने काम लांबणीवर टाकल्याचे आणि गेम आता नव्या, घरीच तयार होत असलेल्या इंजिनावर जाणार असल्याचे सांगितले. पुढे सोर्स या नावाने ओळखले जाणारे हे इंजिन 'हाफ-लाइफ २' सोबत थेट नोव्हेंबर २००४ मध्ये लोकांसमोर आले. तोपर्यंत आणि त्यानंतरही टीम फोर्ट्रेसबद्दल कंपनीने जवळजवळ मौनच पाळले. 'वायर्ड' या अमेरिकी मासिकाच्या घोषित होऊनही न उगवणाऱ्या उत्पादनांच्या यादीत त्याचे नाव झळकू लागले. २००३ मध्ये हाफ-लाइफ २ चा कोड चोरीला गेला, तेव्हा त्यातून माणसे विरुद्ध परग्रहवासी अशा आणखी एका निराळ्या आराखड्याचे अवशेष बाहेर आले. एकाच नावाखाली एकामागून एक गेम रचले आणि मोडले जात होते, हे त्यावरून उघड झाले.

हे आराखडे का मोडले गेले, याचा विचार केला तर रूपाचा प्रश्न समोर येतो. नऊ भूमिकांच्या खेळात समोर दिसणारा माणूस कोण आहे हे क्षणार्धात कळणे, ही पहिली गरज असते. समोर मशीनगनवाला असेल तर आडोसा धरावा लागतो, वैद्य असेल तर आधी त्याच्यावर गोळी झाडावी लागते आणि आपल्याच गणवेशातला हेर असेल तर संशय घ्यावा लागतो. वास्तवदर्शी गेममध्ये सगळे सैनिक हेल्मेट आणि जाकिटे घातलेले, एकाच उंची-बांध्याचे असतात. दूरवरून त्यांच्यात फरक करता येत नाही. शिवाय टीम फोर्ट्रेसमध्ये पायाखाली रॉकेट फोडून उंच उडी मारणे आणि गोळी लागून अर्धमेला झालेला माणूस दोन क्षणांत ठणठणीत करणे, असे प्रकार सर्रास चालतात. ते गंभीर युद्धपटाच्या चौकटीत हास्यास्पद दिसले असते. एकदा जग व्यंगचित्री केले की त्यात असे काहीही खपून जाते.

जुलै २००६ मध्ये नव्या रूपातला गेम जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी जेसन मिचेल, मोबी फ्रँकी आणि धबीह एंग या वॉल्व्हच्या तिघांनी त्यामागचे तंत्र एका शोधनिबंधात मांडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी जाहिरात-चित्रकार त्यांनी समोर ठेवले होते, जे. सी. लायनडेकर हा त्यांतला प्रमुख. त्याच्या चित्रांतल्या माणसांची बाह्यरेषा ठळक असते, कपड्यांच्या घड्या सोप्या करून दाखवलेल्या असतात आणि आकृतीच्या कडेला उजेडाची एक पट्टी असते. हीच पट्टी गेममध्ये गणिताने काढली गेली, त्यामुळे अंधाऱ्या खोलीतही आकृती पार्श्वभूमीपासून सुटी दिसते. खेळाडूच्या नजरेने काय आधी टिपावे याचा क्रमही ठरवलेला होता. आधी रंगावरून तो मित्र की शत्रू हे कळावे, मग बाह्याकारावरून भूमिका, आणि मग हातातले शस्त्र. शस्त्राकडे नजर जावी म्हणून प्रत्येक पात्राचे पाय गडद ठेवून रंग छातीकडे उजळत नेले आहेत, कारण शस्त्र छातीपाशीच धरलेले असते. इमारतींनाही हाच न्याय लावला आहे. लाल संघाचा तळ लाकडी, तिरक्या रेषांचा आणि शेतावरच्या कोठारांची आठवण करून देणारा. निळ्या संघाचा काँक्रीट आणि पत्र्याचा, काटकोनांचा. नकाशा पाठ नसलेला खेळाडूही आपण कोणाच्या हद्दीत शिरलो हे भिंतीवरून ओळखू शकतो.

या काळजीचा परिणाम पाहायचा तर 'टूफोर्ट' हा नकाशा घ्यावा, जो क्वेकच्या मॉडपासून या मालिकेसोबत आहे. समोरासमोर दोन किल्ले, मध्ये पाण्याचा खंदक, त्यावर छप्पर असलेला पूल, आणि प्रत्येक किल्ल्याच्या तळघरात गुप्त कागदपत्रांची एक ब्रीफकेस, जी पळवून आपल्या तळघरात आणायची. समोरच्या सज्जावर उभा असलेला माणूस बोटभर उंचीचा दिसतो, तरी त्याच्या रुंद काठाच्या टोपीच्या आणि लांब बंदुकीच्या रेषेवरून तो स्नायपर, म्हणजे दुरून नेम धरणारा, आहे हे समजते आणि पुलावर पाऊल टाकायचे की खालच्या पाण्यातून जायचे हे त्या एका नजरेत ठरते. वैद्याने पुरेसा वेळ उपचार करून आपला साठा भरला की तो स्वतःला आणि एका साथीदाराला आठ सेकंदांपुरते अवध्य करू शकतो. त्या आठ सेकंदांत दोघांचीही अंगे संघाच्या रंगात धातूसारखी लखलखतात, म्हणजे गोळ्या वाया घालवू नका असा शत्रूलाही इशारा असतो. येथे विनोद आणि माहिती वेगळी करता येत नाहीत. रूप बदलताना नियमही छाटले गेले: जुन्या गेममध्ये प्रत्येकाकडे असलेले हातबाँब काढून टाकले आणि सेनापतीची भूमिका बाद झाली.

पहिल्या दिवशी गेममध्ये अवघे सहा नकाशे होते. त्यानंतर वॉल्व्हने जे केले ते तेव्हा नवे होते: विकून झालेल्या गेममध्ये मोफत भर घालत राहणे. एप्रिल २००८ मध्ये वैद्याला नवी शस्त्रे मिळाली आणि गाडी ढकलत नेण्याचा 'पेलोड' हा प्रकार आला. मग एकेक भूमिका घेऊन अशीच भर पडत गेली. सोबत पात्रांची ओळख करून देणारे छोटे ॲनिमेशनपट येत राहिले. त्यांतला पहिला मे २००७ मधला, मशीनगनवाल्याचा, आणि शेवटचा जून २०१२ मधला, आग ओकणाऱ्या पायरोचा. गेम कधी न खेळलेल्यांनाही ही पात्रे ठाऊक झाली ती या पटांमुळे.

मे २००९ मध्ये खेळता खेळता योगायोगाने वस्तू मिळण्याची पद्धत सुरू झाली आणि तिच्यासोबत टोप्या आल्या. टोपीने खेळात काही फायदा होत नसे, तरीही तिच्यासाठी लोक गेम चालू ठेवून झोपी जाऊ लागले, आणि काहींनी तर न खेळताच वस्तू मिळवून देणारे प्रोग्रॅम लिहिले. वॉल्व्हने असे प्रोग्रॅम न वापरलेल्यांना डोक्याभोवतीची प्रभावळ बक्षीस दिली; ती कोणाच्या डोक्यावर नाही यावरून मग सर्व्हरवर भांडणे झाली. सप्टेंबर २०१० अखेरीस गेममध्ये दुकान उघडले, वस्तूंची अदलाबदल सुरू झाली आणि पैसे देऊन घेतलेल्या किल्लीने उघडायच्या, आत काय आहे हे आधी न कळणाऱ्या पेट्या आल्या. वस्तू रचणाऱ्या हौशी कलाकारांना विक्रीचा चौथा हिस्सा मिळणार होता. पहिल्या दोन आठवड्यांतच अशा पाच जणांची कमाई प्रत्येकी ३९ ते ४७ हजार डॉलर झाली. २३ जून २०११ रोजी गेमच मोफत करण्यात आला आणि त्यानंतर त्यातून मिळणारे उत्पन्न बारा पटींनी वाढल्याचे वॉल्व्हने पुढे सांगितले. मॅकवर गेम आल्याच्या निमित्ताने २०१० मध्ये फुकट वाटलेले पांढरे इअरफोन काही काळ खेळाडूंच्या व्यवहारात चक्क चलन म्हणून वापरले जात होते. अशा बाजारांचा अभ्यास करण्यासाठी वॉल्व्हने २०१२ मध्ये एका अर्थतज्ज्ञाला सोबत घेतले. त्याचे नाव यानिस वारुफाकिस, जो २०१५ मध्ये ग्रीसचा अर्थमंत्री झाला.

या बाजाराची किंमत रूपाने मोजली. सुरुवातीला पात्राचा बाह्याकार बिघडणार नाही अशाच टोप्या येत असत. पुढे रंगाचे डबे आले, डोक्याभोवती ज्वाळा आणि धूर फिरवणारे दुर्मिळ प्रकार आले, २०१५ मध्ये बंदुकांवर चढवायची रंगीबेरंगी आवरणे आली, आणि एका नजरेत समोरचा ओळखू येण्याचा जो नियम इतक्या कष्टाने बसवला होता, तो सैल झाला. आज नव्या खेळाडूला समोरचा लाल आहे की निळा हे ठरवायला कधी कधी दुसऱ्यांदा पाहावे लागते. दुसरीकडे, पेट्या आणि किल्ल्या यांची ही पद्धत संपूर्ण उद्योगाने उचलली. ब्लिझर्ड या कंपनीच्या २०१६ मधील 'ओव्हरवॉच' या गेमने वेगवेगळ्या भूमिकांचा, गडद बाह्यरेषांचा संघखेळ आणि आंधळ्या पेट्या असे दोन्ही घेतले. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या म्हणजे जुगारच आहे, असा निर्वाळा दिला.

वॉल्व्हमध्ये कोणत्या प्रकल्पावर काम करायचे हे कर्मचारी बऱ्याच अंशी स्वतः ठरवतात, आणि दहा वर्षे जुन्या गेमकडे वळणारे हात कमी होत गेले. ऑक्टोबर २०१७ नंतर मोठी भर पडली नाही. एप्रिल २०२० मध्ये गेमचा एक जुना कोड फुटला. त्याच महिन्यात नऊ पात्रांपैकी सोल्जरला आवाज देणारे रिक मे कोविडच्या संसर्गात वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ नकाशांमध्ये सलामी देणारे पुतळे उभारले गेले. त्याच काळात अचूक नेमाच्या स्नायपर-बॉटांनी, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमने चालवलेल्या खेळाडूंनी, अधिकृत सर्व्हर भरून गेले आणि माणसांना खेळणे अशक्य झाले. मे २०२२ मधील खेळाडूंच्या मोहिमेला वॉल्व्हने 'आम्ही ऐकत आहोत' अशा अर्थाचे उत्तर दिले, पण फरक थोडाच पडला. जुलै २०२३ मध्ये एकाच वेळी अडीच लाखांवर खेळाडू असल्याची नोंद झाली, अर्थात त्या आकड्यात बॉटही मोजलेले होते. जून २०२४ मध्ये दुसरी मोहीम झाली, तिच्या निवेदनावर तीन लाखांहून अधिक सह्या पडल्या आणि त्याच महिन्यापासून बॉटांची खाती मोठ्या संख्येने बंद होऊ लागली. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी वॉल्व्हने गेमचा संपूर्ण कोड मॉड करणाऱ्यांसाठी उपलब्ध करून दिला. त्यावरून कोणीही आपला गेम रचून स्टीम या वॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात ठेवू शकतो. मात्र तो मोफत द्यावा लागतो आणि त्यात वस्तू विकता येत नाहीत.